लालीबायचं बेसांव

गोराईच्या गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत लालीबायचं घर. खरं नाव युलालिया, पण ते बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरने एकदा उच्चारलं आणि नंतर रेशनकार्डावर चिकटलं, तेवढंच. बाकी अख्ख्या गावाची ती लालीबाय. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट, लग्न झालेलं नाही. का झालं नाही, ते पुढे येईलच.

एकतीस डिसेंबरच्या दुपारी गल्लीतली पोरं तिच्या दारात आली. त्यांना म्हाताऱ्यासाठी जुने कपडे हवे होते. सरत्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा करायचा, त्याला शर्ट-पँट चढवायची, हॅट घालायची आणि जाळायचा, ही तिथली दरसालची रीत.

"लालीबाय, काहीतरी दे ना गं जुनं."

"मलाच न्या की रे उचलून," लालीबाय म्हणाली. "तुमचा पेंढा तरी वाचेल."

पोरं खिदळली. तिने आतून एक विरलेली चादर आणून त्यांच्या अंगावर फेकली आणि दार लोटून घेतलं. उगाच रागावली नव्हती ती. उलट त्या दिवशी ती खुशीत होती, आणि खुशीत असली की लालीबाय जास्तच टोचून बोलायची. कारण हॉलमध्ये, अल्ताराच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या, खाली तिने रेजिनामायची खुर्ची काढून ठेवली होती.

ही खुर्ची म्हणजे त्या घरातली सगळ्यात मानाची वस्तू. काळ्या शिसवी लाकडाची, वेताच्या बैठकीची, हातावर नक्षी असलेली. एरवी तिच्यावर कोणी बसायचं नाही. वर्षातून एकदा, एक जानेवारीला, चर्चमधली देवमातेच्या सणाची मिस्सा ऐकून सगळं घर परत आलं की लालीबायची आई रेजिना, गावाची रेजिनामाय, त्या खुर्चीवर बसायची. मग लहानथोर एकेक करून पुढे येणार, गुडघे टेकणार आणि म्हणणार, "माय, बेसांव दे." बेसांव म्हणजे थोरांचा आशीर्वाद. रेजिनामाय पवित्र पाण्यात अंगठा बुडवायची, कपाळावर क्रूस काढायची आणि ज्याला जे हवं ते देवाकडे मागायची. त्यानंतरच फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळायचे, त्यानंतरच खायचं. आधी बेसांव, मग पोट.

रेजिनामाय फेब्रुवारीत गेली, उपासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारच्या थोडी आधी. म्हणून यंदा नाताळला घरावर तारा लागला नाही, करंज्या झाल्या नाहीत. लालीबायला वाटलं होतं, आता एक जानेवारीलाही कोणी यायचं नाही. पण भावजय फ्लोरीचा फोन आला. "माय गेली म्हणून काय झालं? बेसांव तिथेच घ्यायचं, मायच्या खुर्चीसमोर. आम्ही सगळे येतो."

फोन ठेवल्यावर लालीबायने हिशेब घातला. घरात आता सगळ्यात मोठी तीच. भाऊ बावतीस तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तिच्या कडेवर वाढलेला. म्हणजे खुर्चीवर बसायचं तिने. आजवर या बाईने कुणाला बेसांव दिलं नव्हतं. मूल नाही, बाळ नाही, कुणाची धर्ममाता व्हायला कुणी बोलावलं नाही. अख्खं आयुष्य ती गुडघ्यावर होती.

एकतीसच्या संध्याकाळी चर्चमध्ये सरत्या वर्षाची उपकारस्तुतीची प्रार्थना झाल्यावर तिने फादरना अंगणात गाठलं. "फादर, बिनलग्नाच्या बाईने बेसांव दिलेलं चालतं का?"

फादर हसले. "आशीर्वादाला लग्नाचा दाखला लागतो का, लालीबाय? घरात थोर कोण?"

"मी."

"मग झालं तर."

मग झालं तर! लालीबाय पवित्र पाण्याची बाटली भरून घेऊन घरी आली ती जवळजवळ धावतच. खुर्चीला खोबरेल तेलाचा हात फिरवला, पाठीवर पांढरं क्रोशाचं कापड घातलं. कुणाला काय द्यायचं ते मनात घोळवत बसली. बावतीसची शुगर ताब्यात येऊ दे. फ्लोरीचे गुडघे. भाचा रेनेलची नोकरी टिकू दे, त्याच्या कंपनीत रोज कुणाला ना कुणाला काढत होते. त्याची बायको क्लेरिसाला दुसरं मूल हवं होतं, ते. आणि त्यांची छोटी इवाना, पाच वर्षांची, तिच्यासाठी तर लालीबायकडे एवढं मागणं होतं की एका क्रूसात मावलं नसतं.

आता, या बाईला आजवर काय काय बेसांव मिळालं ते सांगायला हवं, कारण लालीबायचं आयुष्य सांगायला दुसरं काही लागत नाही.

बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची. वाडीतली भाजी डोक्यावर घेऊन ती बोटीने खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायची. त्या वर्षी रेजिनामायने तिच्या कपाळावर क्रूस काढून मागितलं, "माझ्या लालीला चांगला नवरा मिळू दे." आणि तीन-चार वर्षांनी मिळालाही. उत्तनचा होता, स्वतःच्या होडीवर जायचा, माणूस चांगला होता. पण बावतीस तेव्हा शाळेत. रेजिनामाय म्हणाली, "पुढच्या वर्षी करू. याची परीक्षा होऊ दे." पुढच्या वर्षी घराचं छप्पर काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी बावतीस कॉलेजात. उत्तनवाल्याने थांबून थांबून दुसरीकडे लग्न केलं. त्याचा काय दोष? एक जानेवारीला रेजिनामायचं बेसांव मात्र तेच, "नवरा मिळू दे," आणि दोन जानेवारीला पाटी लालीच्याच डोक्यावर.

पस्तिशीनंतर आईचं मागणं बदललं. "माझ्या लालीचे हातपाय धड राहू दे." लालीबाय ते ऐकून आत गेली आणि फुगे तळता तळता रडली होती. तेल उडालं म्हणून सांगितलं सगळ्यांना. हातपाय धड म्हणजे पाटी उचलायला धड, बावतीसच्या फीला धड, त्याच्या लग्नातल्या पंगतीला धड. तिचं स्वतःचं असं मागायला आईकडे काही उरलंच नव्हतं. पुढे पुढे तर रेजिनामाय काही बोलायचीच नाही, नुसता क्रूस काढायची, आणि म्हणायची, "चल, ऊठ, वाटी धर."

ती वाटी! रेजिनामायचा हात कापायला लागल्यापासून पवित्र पाण्याची काचेची वाटी धरायचं काम लालीबायकडे आलं. खुर्चीच्या बाजूला उभं राहायचं, वाटी अंगठ्याच्या उंचीवर धरायची. सगळे येऊन गुडघे टेकून जायचे, लालीबाय वाटी धरून उभी. जुन्या फोटोंत बघाल तर तिचा नुसता हात दिसतो.

आणि मग गेल्या वर्षीचा एक जानेवारी. रेजिनामायला तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती. बेसांव कसंबसं उरकलं, बावतीसनेच तिचा हात धरून सगळ्यांच्या कपाळाला लावला. मंडळी फुग्यांवर तुटून पडली आणि हॉलमध्ये दोघीच राहिल्या. तेवढ्यात म्हातारी खुर्चीवरून घसरली, लालीबायसमोर गुडघ्यावर आली, हात जोडले आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "आई, बेसांव दे."

लालीबाय हादरली. वर्षाच्या पहिल्याच दिवशी थोरलीने धाकटीपुढे गुडघे टेकायचे, हा काय अपशकुन! तिने आईला बखोटीला धरून उठवलं. "काय करतेस, माय? लहानाकडून बेसांव घेतात का कधी?" रेजिनामायला कळलं नाही. ती खुर्चीवर बसल्यावरही कपाळ पुढे करून वाट बघत राहिली. लालीबायने तिच्या तोंडाची लाळ पुसली आणि पाणी उकळायला ठेवायला निघून गेली. महिन्याभराने म्हातारी गेली. ते पुढे केलेलं कपाळ लालीबायच्या डोळ्यांसमोरून वर्षभर हललं नाही.

असो. यंदाच्या एक तारखेला सकाळची मिस्सा झाली आणि सगळी मंडळी दहिसरहून निघून बोटीने आली. रस्त्याने येणं शक्यच नव्हतं, नवीन वर्षाचा धिंगाणा घालायला अर्धी मुंबई गोराईच्या किनाऱ्यावर लोटलेली. बावतीस कोटात होता. बँकेतून रिटायर झाल्यापासून तो चर्चच्या समितीवर होता आणि चालताना हात मागे बांधायला लागला होता. फ्लोरीने केकचा बॉक्स आणला होता, रेनेलच्या हातात फोन, क्लेरिसाच्या हातात इवाना.

"वा, आत्या, खुर्ची एकदम झकास केलीस," रेनेल म्हणाला.

लालीबाय लाजली. होय, अडुसष्टाव्या वर्षी लाजली. तिने मोतिया रंगाची नवी साडी नेसली होती. ती आत गेली, वाटीत पवित्र पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. मनात ठरवलं होतं, वाटी खुर्चीच्या हातावर ठेवायची आणि बसायचं.

खुर्चीवर बावतीस बसला होता.

पाय पसरून, कोटाचं बटण सोडून, आरामात. फ्लोरी त्याची कॉलर नीट करत होती. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. काही चुकतंय असं कुणाला वाटतच नव्हतं. फ्लोरीने मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "आलीस? ये, इकडे उभी राहा. वाटी धर."

आणि लालीबाय उभी राहिली! याचा राग आल्याशिवाय राहत नाही. वाटी आपटायची होती, बावतीसला दंडाला धरून उठवायचं होतं. पण वीस-बावीस वर्षांची सवय, पाय आपोआप खुर्चीच्या बाजूला गेले आणि हात आपोआप अंगठ्याच्या उंचीवर आले.

पहिली इवाना. ती तुरुतुरु पुढे आली, वाटी कुणाच्या हातात आहे ते बघितलं आणि सरळ लालीबायसमोर गुडघे टेकले. डोळे मिटले. "बेसांव दे."

लालीबायचा अंगठा पाण्यात गेला सुद्धा.

"नाही गं बेबी, तिथे नाही," क्लेरिसा हसली. तिने पोरीला खांद्याला धरून उचललं आणि बावतीससमोर नेऊन ठेवलं. "ग्रँडपाकडे. आत्या नुसतं पाणी धरते."

सगळे हसले. बावतीसही हसला. त्याने पुढे वाकून वाटीत अंगठा बुडवला, नातीच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाला, "गॉड ब्लेस यू. खूप शिक." मग क्लेरिसा, मग रेनेल, मग फ्लोरी. लालीबायने रात्रभर घोळवलेली मागणी एकेक करून तिच्यासमोरून गुडघे टेकून उठली. नोकरी उठली, दुसरं मूल उठलं, दुखरे गुडघे उठले. बावतीस सगळ्यांना तेच म्हणत होता, गॉड ब्लेस यू.

शेवटी त्याने बहिणीकडे बघितलं. अगदी प्रेमाने बघितलं, तेच तर वाईट. "ये ना, लाली. तू पण घे. वाटी दे फ्लोरीकडे."

"मी?"

"हो. मायनंतर आता मीच ना सगळ्यांना."

"लहानाकडून बेसांव घेत नाहीत," लालीबाय म्हणाली. म्हणाली आणि तिच्याच कानात ते वाक्य गरम सळईसारखं गेलं. हेच, अगदी हेच, तिने गेल्या वर्षी याच फरशीवर आईला सुनावलं होतं.

"अगं, वयाने लहान असेन. घरचा मोठा म्हणून म्हणतोय मी."

"घरचा? या घरात कोण राहतं रे, बावतीस? मायचं गू-मूत कुणी काढलं? तुझे लंगोट कुणी धुतले?"

"आत्या, यार, नवीन वर्षाच्या दिवशी कशाला?" रेनेल म्हणाला. "चिल ना."

"मला एवढंच सांग," लालीबाय भावाला म्हणाली, "तू घरचा मोठा, तर मी घरची कोण?"

बावतीस फ्लोरीकडे बघायला लागला. त्याने विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता, त्याच्या मनात पाप नव्हतं. साठ वर्षं ही बाई समोर होती आणि एवढा साधा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. फ्लोरीने घाईघाईने उत्तर दिलं.

"तू आमची लालीबाय गं! काय पण विचारतेस. चल, तेल तापलं असेल, पोरांना भुका लागल्यात."

लालीबाय आत गेली. पीठ रात्रीच भिजवलेलं, छान फुगलं होतं. तिने सगळे फुगे तळले, एकही करपू दिला नाही. बाहेर डब्यातल्या संतांच्या चिठ्ठ्या काढायचा कार्यक्रम चालला होता. ज्याला जो संत येईल तो त्याचा वर्षभराचा राखणदार. रेनेलने ओरडून सांगितलं, "आत्या, तुझी मी काढली! मार्था आली, परत मार्था!" बाहेर हशा पिकला. मार्था म्हणजे येशू घरी आला तेव्हा त्याच्यापाशी न बसता चुलीपाशी राबत राहिली ती. सगळ्यांना फार गंमत वाटली. लालीबायने झारा निथळला आणि पुढचा घाणा टाकला.

जेवणं झाल्यावर फ्लोरी खुर्चीभोवती फिरली. "पुढच्या वर्षी आमच्याकडेच करू या," ती म्हणाली. "दहिसरला लिफ्ट आहे, सगळ्यांना सोयीचं. इथे बोटीचा त्रास, शिवाय हा गर्दीचा ताप. खुर्ची आजच नेतो."

"तू पण ये हं आत्या," क्लेरिसा म्हणाली. "आणि येताना चर्चमधलं पाणी आण. आमच्या तिथे लाइन असते."

लालीबायने खुर्चीवरचं पांढरं कापड काढून घेतलं, घडी केली, बगलेत धरलं. रेनेलने खुर्ची डोक्यावर उलटी घेतली आणि वरात जेट्टीकडे निघाली. लालीबाय पाण्याची बाटली हातात घेऊन मागोमाग चालली. का चालली कोण जाणे. कदाचित खुर्चीला निरोप द्यायला कुणीतरी हवं म्हणून.

जेट्टीवर शेंगदाणे विकणारी शकु बसली होती. तिने विचारलं, "काय गं लालीबाय, खुर्ची विकलीस की काय?"

"माझी होती कुठे विकायला," लालीबाय म्हणाली.

बोट सुटली. मधोमध खुर्ची ठेवलेली, बाकी माणसं उभी. खाडीच्या मध्यावर रेनेल खुर्चीवर बसला आणि फोन वर धरून त्याने सगळ्यांचा फोटो काढला. इवानाने काठाकडे बघून हात हलवला. लालीबायने हात हलवला नाही, तिच्या एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या बगलेत कापड.

घरी न जाता ती चर्चमागच्या सिमित्रीत गेली. रेजिनामायच्या कबरीवरच्या मातीला अजून फरशी बसवलेली नव्हती, नुसता लाकडी क्रूस होता. आजूबाजूला सगळी फुलं नाताळची, सुकलेली. तिने पांढरं कापड मातीवर अंथरलं. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आईला झाडायला लागली.

"बघितलंस? खुर्ची गेली तुझी. तू शिकवलंस त्यांना. चल ऊठ, वाटी धर, वाटी धर! एकदा तरी म्हणालीस का, लाली, बस इथे? जिता जीव तुझ्या घरात घातला मी, माय. उत्तनवाला सोडला. आणि तू काय मागितलंस माझ्यासाठी? हातपाय! बैलासाठी मागतात तसं!"

दोन कबरींपलीकडे एक म्हातारा मेणबत्ती लावत होता, तो दचकून बघायला लागला. लालीबायला त्याची पर्वा नव्हती. ती बोलत राहिली, बोलता बोलता आवाज बसला, आणि मग तिला परत ते कपाळ दिसलं. खुर्चीतून पुढे केलेलं, सुरकुतलेलं, वाट बघत असलेलं. इवाना तर वाटी बघून चुकली होती. या जगात एकाच माणसाने तिच्यापुढे खरंच गुडघे टेकून मागितलं होतं, आणि त्याला तिने बखोटीला धरून उठवलं होतं.

ती खाली बसली. बाटलीचं झाकण उघडून तिने अंगठा ओला केला आणि कापडावर, डोक्याच्या बाजूला, हळूच क्रूस काढला. वाटी धरायला बाजूला कुणी नव्हतं, म्हणून बाटली तिने गुडघ्यांत दाबून धरली होती.

"घे," ती म्हणाली. "घे, रेजिना. देव तुझं बरं करो. तू मागितलंस तेव्हाच द्यायला हवं होतं गं. तुझ्याशिवाय माझ्याकडे कुणी मागितलंच नाही."